सहाव्या कप्प्याचे साठ पौंड

जगदीश रामटेके यांच्या घरात बायकोपासून लपवायची एकच गोष्ट अशी होती, जिला इंग्लंडच्या कायद्याचा पाठिंबा होता. ती म्हणजे वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटाची किल्ली. कपाटात शस्त्र असेल तर किल्ली कुठे आहे हे फक्त लायसन्सवाल्यालाच माहीत असलं पाहिजे, असं पोलिसांचा माणूस वॉटफर्डच्या त्या घरी येऊन, दोन कप चहा पिऊन सांगून गेला होता. जाताना त्याने धम्मशीलाबाईंना विचारलं, "मिसेस रामटेके, किल्ली कुठे असते तुम्हाला माहीत आहे का?"

"यांचे मोजे कुठे असतात ते मला माहीत आहे," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "त्यापुढे मी विचारत नाही."

पोलिसाने ते लिहून घेतलं.

जगदीशराव चौतीस वर्षं कौन्सिलमध्ये वजनमापांचे इन्स्पेक्टर होते. पबमधला पाइंट पाइंटभर आहे का, पेट्रोल पंपाचा लिटर लिटरभर आहे का, खाटकाचा काटा शून्यावर थांबतो का, हे बघण्यात त्यांची हयात गेली. पितळेचं माप हातात घेतलेला हा ठेंगणा नागपुरी माणूस दारात दिसला की पबवाले न सांगता ग्लास काठोकाठ भरत. निवृत्तीच्या दिवशी कौन्सिलने ते माप त्यांच्या हातात देऊन फोटो काढला, फोटो फ्रेम करून भेट दिला आणि माप परत घेतलं.

निवृत्तीनंतर त्यांनी बागकाम करून पाहिलं, पण टोमॅटो मापात येईनात. मग ते एका नेमबाजी क्लबात गेले आणि रमले. तिथे कागदावर भोक पाडायचं असतं आणि ते भोक मधल्या ठिपक्यापासून किती मिलिमीटरवर पडलं हे मोजायचं असतं. जगदीशरावांना भोक पाडण्यापेक्षा ते मोजण्यातच जास्त गोडी होती.

धम्मशीलाबाईंना हे पसंत नव्हतं. त्या तीस वर्षं नर्स होत्या, आणि रोज सकाळी वंदनेत पंचशील म्हणणाऱ्या. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. "ज्या अशोकाने शस्त्र टाकलं त्याच्या नावाने आपण विजयादशमी करतो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही या वयात उचलताय?" शेवटी तडजोड झाली. फक्त कागदावर. आणि दर रविवारी क्लबातून आल्यावर दोन प्रश्नांची खरी उत्तरं.

"किती?"

"पाच."

"कुठे?"

"कागदावर."

तीन वर्षं हे चाललं होतं. जगदीशरावांनी बायकोला कधीच खोटं माप दिलं नव्हतं.

पाचच का, तर ती क्लबची शिस्त. इंग्लंडात साधं पिस्तूल बाळगायला कधीच बंदी आली. पण जुन्या पद्धतीचं, सुटी दारू आणि शिशाची गोळी पुढून ठासायचं रिव्हॉल्व्हर लायसन्सवर मिळतं. याचा घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तो कोणी ओढला नाही तर चाप नुसता शोभेचा. गोळ्यांचे कप्पे सहा. भरायचे पाच, आणि सहावा रिकामा ठेवून त्यावर घोडा टेकवायचा, म्हणजे हातून पडलं तरी उडत नाही.

क्लबचं रिव्हॉल्व्हर वापरून कंटाळल्यावर त्यांनी स्वतःचं घ्यायचं ठरवलं. नॉटिंगहॅमच्या एका बाईंची जाहिरात होती: इटालियन बनावट, नीट राखलेलं, रास्त भाव. जगदीशराव 'रास्त' हा शब्द वाचूनच निघाले.

मिसेस ऑल्ड्रेड पंचाहत्तरीच्या, कार्डिगन घातलेल्या, नीटनेटक्या बाई होत्या. नवरा आर्थर मे महिन्यात गेला होता. घरही नीटनेटकं होतं, फक्त चित्रं विचित्र लावली होती. दाराजवळ गुडघ्याच्या उंचीवर एका बोटीचं चित्र. थोडं पुढे, वीतभर वर, मांजराचं. त्यापुढे आणखी वर एक कॅलेंडर, तेही गेल्या वर्षीचं. शेवटचं चित्र बैठकीतल्या हातांच्या खुर्चीमागे होतं, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. म्हणजे कोणी बसलं की ते दिसणारच नाही. चित्रं अशी कोण लावतं, असं जगदीशरावांच्या मनात आलं. पण इंग्रजांच्या घरात भिंतींबद्दल बोलत नाहीत, हवेबद्दल बोलतात. ते हवेबद्दल बोलले.

बाईंनी त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. रिव्हॉल्व्हर उत्तम होतं. घोडा ओढला की दोन टप्प्यांत आवाज येई, टक् टक्, जुन्या घड्याळासारखा.

"तीनशे पौंड," बाई म्हणाल्या.

"बाजारभाव तीनशे साठ आहे," जगदीशराव म्हणाले. गिऱ्हाइकाने असं बोलू नये, पण सवय.

"मला कल्पना आहे. त्यातला सहावा हिस्सा वजा केलाय. पाच कप्पे तुमचे. सहावा मी विकत नाहीये."

"पण तो यातच आहे की."

"असू दे. घेऊन जा. पण तो विकलेला नाही, एवढं लक्षात ठेवा."

चाळीस वर्षं इंग्लंडात काढूनही इंग्रज माणूस थट्टा करतोय की गंभीर आहे, हे जगदीशरावांना सांगता येत नसे. चेहरा दोन्हीला तोच असतो. पण थट्टा असो की विधवेचा हळवेपणा, कमी पैशात पूर्ण माल घेणं त्यांना जमणारच नव्हतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचं माप पकडलं, त्याने स्वतः साठ पौंडांचं कमी माप द्यायचं?

"मॅडम, पूर्ण वस्तूची पूर्ण किंमत. तीनशे साठ. आणि पावतीवर तसं लिहा."

बाईंनी पावतीचा कागद पुढे ओढला. "घरी कोण असतं?"

"मी आणि माझी मिसेस."

"तिला एकदा विचारून बघा."

"तिला तर कपाटाची किल्लीसुद्धा सांगायची मुभा नाही मला!" जगदीशराव हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लायसन्सवर नोंद केली आणि पावती लिहिली: एक रिव्हॉल्व्हर, सहा कप्पे, पूर्ण किंमत पोचली. लिहून झाल्यावर त्यांचे खांदे खाली आले, बाजाराच्या जड पिशव्या ओट्यावर ठेवल्यावर येतात तसे. जगदीशरावांनी गाडी वळवताना खिडकीतून पाहिलं, तर मिसेस ऑल्ड्रेड त्या हातांच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. बूट काढून, पाय पसरून.

पहिल्या रविवारी क्लबात त्यांनी पाच कप्पे भरले, सहावा रिकामा ठेवला. पाच आवाज झाले, कागदावर पाच भोकं पडली. घरी येऊन "किती, कुठे" झालं. मग त्यांनी सहा कप्प्यांचा गोल सिलिंडर काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात घातला, कारण ही दारू काजळी फार धरते. पांढरी चिंधी एकेका कप्प्यातून फिरवली. चिंध्या काळ्या निघाल्या. त्यांनी मोजल्या. सहा.

शेजारच्या कप्प्यातून काजळी गेली असेल, असं त्यांनी ठरवलं. पण सहावी चिंधी सगळ्यांत काळी होती आणि तिला ताज्या जळक्या दारूचा वास होता.

निवृत्त होताना त्यांना सरकारी शिक्का परत द्यावा लागला होता, पण सील करायची सवय परत द्यावी लागली नव्हती. दुसऱ्या रविवारी त्यांनी बाटलीचं बूच तासून बरोबर कप्प्याच्या मापाचं केलं, सहाव्या कप्प्यात घट्ट बसवलं आणि त्यावर बारीक अक्षरात सही करून तारीख टाकली. पाच गोळ्या झाडल्या. पाच भोकं. बूच जागेवर, सही शाबूत. घरी येऊन त्यांनी ते चिमट्याने उपसलं. सहीची बाजू स्वच्छ होती. आतली बाजू कोळसा झाली होती, आणि बूच अजून गरम होतं.

गोळी सुटली होती. पण पुढून नव्हे.

"किती?" धम्मशीलाबाईंनी हाक मारून विचारलं.

"पाच."

"कुठे?"

"पाच कागदावर," जगदीशराव म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदाच या उत्तरात आकडा आला होता. धम्मशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

मग जगदीशरावांना एक चित्र दिसलं. बाहेरच्या दाराजवळ, गुडघ्याच्या उंचीवर, लेक डिस्ट्रिक्टच्या देखाव्याचं, तुकडे जुळवून फ्रेम केलेलं जिगसॉ, जे गेली दहा वर्षं माळ्यावर होतं.

"अगं, हे इथे कोणी लावलं?"

"मी. गेल्या रविवारी. भिंत खराब झाली होती तिथे."

त्यांनी जिगसॉ काढलं. मागे एक गोल भोक होतं, कडेने काजळलेलं. त्यांनी कॅलिपर आणला. साडेअकरा मिलिमीटर. त्यांच्या गोळीचं माप. भोकात तार घातली. दोन इंचांवर ती थांबली. आत गोळी नव्हती. जमिनीपासून उंची बेचाळीस सेंटिमीटर.

पुढे दीड मीटरवर, चोपन्न सेंटिमीटर उंचीवर, लेकीचा, मृणालचा, पदवीदानाचा फोटो होता.

"आणि हा?"

"आज सकाळी. तुम्ही क्लबात होता तेव्हा. बाबासाहेबांचा नाही लावणार मी असा खाली, म्हणून मृणालचा लावला."

"तू काही ऐकलंस? आवाज?"

"नाही."

"भिंतीला भोक पडलं आणि तू विचारलं नाहीस?"

"नर्स होते मी. जखम दिसली की आधी पट्टी." त्या भाजीकडे वळल्या. "आणि किल्ली कुठे आहे ते विचारायचं नाही, मग भोकाचं का विचारायचं?"

तिसऱ्या रविवारी जगदीशराव क्लबात गेले नाहीत. रिव्हॉल्व्हर कपाटात, किल्ली त्यांच्या मोज्यात, आणि ते स्वतः पॅसेजमध्ये स्टूल टाकून भिंतीकडे बघत बसले. दहा वाजता धम्मशीलाबाईंनी चहा हातात दिला. त्यांनी कप घेतला, मान वर केली. भोक होतं. सहासष्ट सेंटिमीटर.

त्या दुपारी त्यांनी ग्राफ पेपर काढला. दर रविवारी दीड मीटर पुढे, बारा सेंटिमीटर वर. बाहेरचं दार, पॅसेज, बैठकीचा दरवाजा, बैठक. रेघ सरळ होती, इतकी सरळ की कौतुक वाटावं. सहाव्या रविवारी ती एकशे दोन सेंटिमीटरवर पोचत होती. तिथे खिडकीजवळची खुर्ची होती. रोज सकाळी वंदना झाल्यावर धम्मशीलाबाई त्या खुर्चीत बसत.

बुधवारी ते नॉटिंगहॅमला गेले. मिसेस ऑल्ड्रेडच्या भिंती नव्या रंगवल्या होत्या. एकही चित्र नव्हतं.

"सहाव्या कप्प्याचे साठ पौंड परत द्या," जगदीशराव म्हणाले. "तो परत घ्या."

"कोणत्या कारणाने?" बाईंनी शांतपणे विचारलं. "मालात दोष आहे? वर्णनात खोटं होतं? माप कमी होतं?"

जगदीशरावांनी खिशातून पावती काढून वाचली. हा कायदा त्यांनीच चौतीस वर्षं लोकांना समजावून सांगितला होता. मालात दोष नव्हता. माप पूर्ण होतं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, तो विकत नाहीये," बाई म्हणाल्या. "माझ्याकडेच ठेवणार होते मी. आर्थरनेही अशीच पूर्ण किंमत दिली होती. भला माणूस होता."

"झाडणं बंद केलं तर?"

"आर्थरने मार्चमध्ये बंद केलं. मी मेपर्यंत चित्रं आणत होते."

"पोलिसांकडे जमा केलं तर?"

"ते फुकट घेतात. विकत नाही घेत."

"घर सोडून गेलो तर?"

"आम्ही एक रविवार स्केगनेसला समुद्रावर गेलो होतो. हॉटेलच्या भिंतीवर मी कॅलेंडर लावलं."

जगदीशराव बैठकीकडे बघत होते. ती खुर्ची आता नवीन पडद्याजवळ होती.

"मिस्टर ऑल्ड्रेडना काय झालं होतं?"

"डॉक्टर म्हणाले, हार्ट. अंगावर खूण नव्हती." बाईंनी बैठकीत जाऊन खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "ही माझी खुर्ची आहे. चाळीस वर्षं मी इथे बसते. शेवटच्या रविवारी आर्थर म्हणाला, आज मी बसतो इथे, इथून पक्षी छान दिसतात." त्यांनी बोट उचललं. "त्याला पक्ष्यांची कधीच आवड नव्हती."

चौथ्या रविवारी, अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर दीक्षाभूमीचं जुनं कॅलेंडर लागल्यावर, क्लबातला विक्रांत आला. वेम्बलीचा, इथेच जन्मलेला, तिशीतला. जगदीशराव रिव्हॉल्व्हर विकून टाकणार असं त्याच्या कानावर आलं होतं.

"काका, माझ्या लायसन्सवर स्लॉट आहे, अजून एक घेता येतं. किती देऊ?"

"तीनशे," जगदीशरावांच्या तोंडून गेलं.

"नो वे, काका! तीनशे साठला जातं हे. मी फुल प्राइस देणार. बाबा म्हणतात, आपल्या माणसाकडून फुकट घेऊ नये." त्याने फोन काढला. "आत्ता ट्रान्सफर करतो."

धम्मशीलाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत लोकर गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबले.

एवढंच करायचं होतं. पूर्ण किंमत घ्यायची, सहा कप्प्यांची पावती द्यायची. मालात दोष नव्हता.

"घरी कोण असतं रे तुझ्या?" जगदीशरावांनी विचारलं.

"बायको. आणि अन्वी! बघितला नाही तुम्ही फोटो?" फोनवर दोन महिन्यांचं बाळ होतं, पांढरी टोपी घातलेलं.

जगदीशरावांनी फोटो पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

"विकायचं नाहीये," ते म्हणाले.

"काका, आत्ता तर तीनशे म्हणालात!"

"चुकून म्हणालो."

विक्रांत गेल्यावर लोकर पुन्हा गुंडाळली जाऊ लागली.

पाचवा रविवार. नव्वद सेंटिमीटर. कॅनडातल्या पुतण्याच्या लग्नाचा फोटो.

शनिवारी धम्मशीलाबाई दुकानात गेलेल्या असताना जगदीशरावांनी ग्राफ पेपर पुन्हा तपासला. मग फाडून टाकला.

सहाव्या रविवारी वंदना झाली. धम्मशीलाबाई पांढऱ्या साडीत मेणबत्ती सरळ करून बैठकीत आल्या, तर खिडकीजवळच्या खुर्चीत जगदीशराव पेपर घेऊन बसले होते.

"इथे उजेड बरा आहे," ते म्हणाले.

धम्मशीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत हा माणूस ट्यूबलाइटखाली वाचत आला होता.

"उजेडाचं कळलं मला," त्या म्हणाल्या. "बसा."

त्या आत गेल्या. खण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा एका हातात हातोडी होती, दातांत खिळा, आणि काखेत कौन्सिलने दिलेली फ्रेम. पितळेचं माप घेतलेले, कोट घातलेले, किंचित हसणारे जगदीशराव.

"तिथे अजून काही नाहीये," जगदीशराव म्हणाले.

"माहीत आहे. आत्ताच लावून ठेवते. नंतर घरात माणसं असतात." त्यांनी खुर्चीमागे जाऊन खिळा ठोकला. तीन ठोके. "आणि हाच एक उरलाय."

वर, बंद कपाटात, आवाज झाला. दोन टप्प्यांत. जुन्या घड्याळासारखा.

दोघांनी छताकडे पाहिलं.

"एकशे दोन ना हो?" धम्मशीलाबाईंनी विचारलं. त्यांनी ग्राफचे तुकडे कचऱ्यातून काढून जोडून पाहिले होते तर.

जगदीशरावांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मान वळवून फ्रेमकडे पाहिलं, एक डोळा मिटून, पबमधल्या ग्लासाकडे बघत तसं.

"एकशे एक दिसतंय," ते म्हणाले. "सेंटिमीटरभर वर घे."

धम्मशीलाबाईंनी फोटो सेंटिमीटरभर वर घेतला.